कर्नल पेलीचा आखाती पत्रव्यवहार : एक वाङ्मयीन विचार

१

मराठी समीक्षेने पत्रलेखनाकडे दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले आहे, आणि या दोन दृष्टींची परस्परांशी गाठ सहसा पडू दिलेली नाही. पत्र लिहिणारा साहित्यिक असेल, तर त्याची खाजगी पत्रेही आपण वाङ्मय म्हणून वाचतो, जी. ए. कुलकर्णी यांची निवडक पत्रे त्यांच्या कथांच्या शेजारी ठेवताना कोणालाही संकोच वाटत नाही. पत्र लिहिणारा कारभारी, वकील किंवा सरदार असेल, तर मात्र तेच पत्र ‘साधन’ होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरींच्या तुलनेने अस्सल पत्रांची विश्वसनीयता त्यांनी हिरिरीने प्रतिपादन केली. इतिहाससंशोधनाला ती भूमिका उपकारकच ठरली. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की बखर वाङ्मयाच्या वाट्याला गेली आणि पत्र इतिहासाच्या. र. वि. हेरवाडकरांसारख्या अभ्यासकाने बखरीच्या रचनेचा आणि शैलीचा साक्षेपी विचार केला. राजकीय पत्राच्या रचनेचा तसा विचार क्वचितच झाला. जे अस्सल आहे ते कोणी रचलेले नसते, असा काहीसा भाबडा समज त्यामागे असावा.

वस्तुतः राजकीय पत्राइतका जाणीवपूर्वक रचलेला गद्यप्रकार दुसरा सापडणे कठीण. कोणती घटना आधी सांगायची, कोणती सहपत्रात ढकलायची, कोणाचे शब्द जसेच्या तसे द्यायचे आणि कोणाच्या शब्दांचा नुसता सारांश करायचा, हे सारे निर्णय त्या लेखकाने घेतलेले असतात. आणि त्या निर्णयांवर पुष्कळदा गावांचे, गलबतांचे व गाद्यांचे भवितव्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अशा एका पत्रलेखकाचा विचार करावयाचा आहे. लुइस पेली हा १८६२ पासून सुमारे दहा वर्षे इराणी आखातात ब्रिटिश रेसिडेंट होता. बुशहर येथील त्याची कचेरी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या ताब्यात होती. म्हणजे आखाताच्या अरबी किनाऱ्यावर काय घडले आणि त्याचा अर्थ काय, हे त्या काळी मुंबईला लिहिलेल्या पत्रांतून ठरत असे. पुढे हाच पेली १८७४ च्या अखेरीस बडोद्यास आला, आणि मल्हारराव गायकवाडांना अटक झाली ती त्याच्याच अमदानीत. एक मराठी संस्थान आणि अरबी किनाऱ्यावरील चिमुकल्या शेखसत्ता यांच्यावर एकाच माणसाची लेखणी चालली, ही गोष्ट मराठी वाचकाला पेलीकडे वळविण्यास पुरेशी आहे. याखेरीज आणखी एक कारण आहे. याच पेलीच्या नावावर धार्मिक नाटकांचा एक दोन खंडी संग्रह आहे. शासकीय पत्र आणि नाटक या दोन टोकांच्या वाङ्मयप्रकारांत वावरलेला हा माणूस आहे, आणि त्यामुळेच त्याच्या पत्रांपुढे एक नेमका वाङ्मयीन प्रश्न ठेवता येतो. तो प्रश्न असा : या लेखनात ‘मी’ म्हणून कोण बोलतो, आणि त्याला बोलावयास कोण लावतो?

२

कंपनीच्या आणि पुढे राणीच्या अमलातील शासकीय पत्राचा साचा प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. वर क्रमांक, दिनांक, स्थळ आणि खाते. मग अमुक गोष्ट गव्हर्नरसाहेबांच्या माहितीसाठी कळविण्याचा बहुमान मला लाभत आहे, अशा अर्थाचे ठराविक वाक्य. आणि त्यानंतर क्रमांक घातलेले परिच्छेद. आपल्या जुन्या पत्रांतील ‘विज्ञापना ऐसीजे’ हाही साचाच होता; तेव्हा साचा असणे हा काही दोष नव्हे. तथापि परिच्छेदांना क्रमांक देण्याच्या पद्धतीने एक सूक्ष्म परिणाम साधला जातो. तिसऱ्या परिच्छेदात मोत्यांच्या हंगामाची हकीगत, चौथ्यात जाळलेले गाव, पाचव्यात टपालाच्या बोटीचा खर्च : तिन्ही गोष्टी एकाच उंचीवर येतात. वरिष्ठ सरकारचे उत्तरही परिच्छेदाच्या क्रमांकाला उद्देशून येते. त्यामुळे गाव जळणे ही घटना न राहता ‘परिच्छेद चार’ होते.

हिशेबाची भाषा दुःखाला परकी असते असे मात्र समजू नये. पानिपतानंतर पेशव्यांकडे गेलेला म्हणून जो सांकेतिक निरोप परंपरेने सांगितला जातो, तोही मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेतच आहे, आणि मराठी मनाला आजही तो हलवितो. फरक असा, की तेथे बुडालेली रक्कम लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या घरची होती. रेसिडेंटच्या पत्रात हिशेब त्याचा असतो आणि बूड दुसऱ्याची असते. साचा तोच राहूनही त्यातील भावार्थ कसा पालटतो, हे या दोन नमुन्यांवरून दिसून यावे.

या पत्राचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या काळरचनेत आहे. व्याकरणाने पाहिले तर रेसिडेंट हा आज्ञा मागणारा सेवक असतो. परंतु बुशहराहून निघालेले पत्र मुंबईस पोहोचून त्याचे उत्तर येईपर्यंत आठवडे लोटत. आणि तोवर जे करावयाचे ते करून झालेले असे. घडून गेलेल्या गोष्टीची परवानगी मागणारे, अशा चमत्कारिक काळात हे गद्य लिहिले गेले आहे. वाक्याची मुद्रा विनंतीची, आशय मात्र समर्थनाचा. १८६४ मध्ये आखातातून समुद्री तार टाकली गेली, आणि पेलीच्या कारकिर्दीतच निरोपाचा वेग एकदम वाढला. तरीही विस्तृत अहवालाची गरज संपली नाही. कारण तारेने आज्ञा मिळते. केलेल्या कृत्याला कारणपरंपरेचे वस्त्र चढविण्यासाठी पत्रच लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या पत्रांतील माहिती पुष्कळशी रेसिडेंटने स्वतः पाहिलेली नसे. शारजा, बहरीन अशा ठिकाणी सरकारचे एतद्देशीय एजंट असत. ते अरबी-फारसीत लिहीत. शेखांची पत्रेही अरबीत येत. बुशहरच्या कचेरीत त्यांचे इंग्रजी भाषांतर होई, आणि ते भाषांतर सहपत्र म्हणून मुंबईकडे जाई. म्हणजे मूळ बोलणारा, त्याचा लेखनिक, एजंट, भाषांतरकार आणि रेसिडेंट अशा चार-पाच हातांतून गेलेले वाक्य मुंबईच्या कौन्सिलपुढे येई, आणि त्यावर सही मात्र एकाची असे.

अशा वाक्याचे ‘साधना’त रूपांतर व्हावयास फार काळ लागत नाही. १८५६ मध्ये मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील निवडक कागदांच्या मालेत आखातावरचा जाडजूड चोविसावा खंड छापला. त्यात फ्रान्सिस वॉर्डन याने कवासिम टोळीचा १७४७ पासून १८१९ पर्यंतचा वृत्तांत दिला आहे. वॉर्डन हा मुंबई सरकारचा चिटणीस. त्याचा आधार म्हणजे दप्तरात आलेली पत्रे. पत्रांत ज्यांना वारंवार चाचे म्हटले गेले होते, ते वृत्तांतात चाचेच ठरले, आणि पुढच्या रेसिडेंटांनी हा वृत्तांत वाचूनच आपली पत्रे लिहिली. पत्रातून इतिहास आणि इतिहासातून पुन्हा पत्र असे हे वर्तुळ पुरे झाले. हे वर्तुळ शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल् कासिमी यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्याच दप्तराच्या आधारे भेदण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या निष्कर्षांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते असणारच. परंतु ज्या कागदांनी आपल्या पूर्वजांना एक नाव चिकटविले, तेच कागद उलट्या बाजूने वाचता येतात, एवढे त्यांनी दाखवून दिले हे निश्चित.

३

आता पेलीच्या काळातील एका कागदाकडे वळू. १८६७ मध्ये बहरीनचा शेख मुहम्मद बिन खलिफा आणि अबू धाबीचा शेख यांच्या फौजांनी कतारमधील दोहा व वक्रा ही गावे लुटली. कतारच्या लोकांनी पुढच्या वर्षी समुद्रावर त्याचा सूड घेण्याचा प्रयत्न केला. सागरी शांततेचा भंग झाला, असे रेसिडेन्सीचे म्हणणे पडले. कारण १८३५ मध्ये सॅम्युएल हेनेल याने मोत्यांच्या हंगामापुरता जो तह घडवून आणला होता, तो १८५३ मध्ये किनाऱ्यावरील शेखांच्या बाबतीत कायमचा करण्यात आला होता, आणि समुद्रावरचे भांडण हा रेसिडेंटच्या अखत्यारीचा विषय होऊन बसला होता. १८६८ च्या सप्टेंबरात पेली लढाऊ जहाजे घेऊन आला. बहरीनचा शेख पळाला, त्याच्या जागी त्याचा भाऊ अली याला मान्यता मिळाली, आणि १२ सप्टेंबर रोजी कतारचे प्रमुख मुहम्मद बिन थानी यांच्याकडून एक करार लिहून घेण्यात आला.

हा करार संपूर्णपणे प्रथमपुरुषात आहे. मी ईश्वराला साक्ष ठेवून स्वतःला बांधून घेतो. मी दोह्यास परत जाऊन शांततेने राहीन. मी वैरभावाने कधीही समुद्रात उतरणार नाही आणि काही तंटा झाल्यास रेसिडेंटकडे जाईन. पदच्युत शेखाला मी साह्य करणार नाही. तो हाती सापडला तर त्यास रेसिडेंटच्या स्वाधीन करीन. बहरीनच्या नव्या शेखाशी पूर्वीचेच संबंध राखीन. कलमांचा आशय साधारणतः असा आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता मुहम्मद बिन थानी. प्रत्येक वाक्याची इच्छा मात्र पेलीची. समोर नांगरलेल्या जहाजांचा उल्लेख कोठेही नाही आणि तो असण्याचे कारणही नाही, कारण ‘मी’ हे सर्वनाम त्यांचेच काम करीत आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. आपल्या जुन्या दप्तरांत ‘कतबा’ नावाचा कागद असतो. वाद हरलेल्या किंवा गुन्हा शाबीत झालेल्या असामीकडून तो लिहून घेत. ‘मी अमुक, लिहून देतो की’ अशी त्याची घाटणी. अक्षर कारकुनाचे, शब्द कचेरीचे, निशाणी तेवढी त्या असामीची. राजीनामा, जामीनकतबा, कबुलायत हे सारे याच कुळातले. दुसऱ्याच्या तोंडी घातलेला हा जो ‘मी’, त्याला सोयीसाठी ‘उसना मी’ म्हणू. नाटककारही पात्रांच्या तोंडी ‘मी’ घालतो. परंतु पात्राला नाटकाबाहेर घर नसते. कतबा लिहून देणाऱ्याला ते असते, आणि त्या ‘मी’चे परिणाम त्याला त्या घरात भोगावे लागतात.

कतारच्या या करारातील ‘मी’ची पुढली हकीगत विलक्षण आहे. लिहून घेणाऱ्यांचा उद्देश केवळ समुद्र शांत ठेवण्याचा होता. बहरीनशी असलेले खंडणीचे जुने नातेही त्यांनी मोडले नव्हते. परंतु करारासाठी का होईना, कतारच्या प्रमुखाला स्वतंत्रपणे बोलावयास लावले गेले. बहरीनच्या शेखाच्या वाक्यातील एक कर्म म्हणून त्याचा उल्लेख झाला असता, त्याऐवजी तो स्वतःच्या वाक्याचा कर्ता झाला. कतारच्या पृथक् अस्तित्वाला ब्रिटिशांनी दिलेली पहिली अप्रत्यक्ष मान्यता म्हणून आज इतिहासकार याच कागदाकडे बोट दाखवितात. तोफेच्या छायेत लिहून घेतलेला उसना ‘मी’ पुढे ज्याच्या तोंडी घातला त्याचाच होऊन बसला. शब्दाचा अर्थ लेखकाच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही, ही गोष्ट आपण काव्याच्या संदर्भात नेहमी बोलतो. ती एका तहनाम्यालाही लागू पडते, आणि तेथे तिचे मोल एका राष्ट्राएवढे असू शकते.

४

पेलीच्या सर्वच लेखनात दुसऱ्याचा आवाज असा कोंडला गेला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६५ च्या आरंभी तो कुवेतहून निघून वाळवंटातून वहाबी सत्तेची राजधानी रियाध येथे गेला. त्याआधी तीन वर्षे पॅल्ग्रेव्ह हा सीरियन वैद्याचा वेष घेऊन तेथे जाऊन आला होता, आणि त्याचा रसाळ प्रवासग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पेली मात्र उघडपणे, आपल्या हुद्द्याने गेला. त्याचा अहवाल १८६६ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात सरकारसाठी छापला गेला.

वाङ्मयीन वेधकतेच्या दृष्टीने पॅल्ग्रेव्हपुढे पेली फिका वाटतो. विहिरी, अंतरे, झाडेझुडपे, अक्षांश-रेखांश यांतच त्याचे पुष्कळसे लक्ष गुंतलेले आहे. तथापि इमाम फैसल बिन तुर्की यांच्या भेटीच्या वर्णनाला तो येतो, आणि त्याच्या गद्याचा पोत पालटतो. इमाम वृद्ध व अंध होते. युरोपीय माणसाने येऊन पोहोचावे असे रियाध हे ठिकाण नव्हे, असे त्यांनी पाहुण्यास सुनावले. धर्मापोटी असलेला विरोध वेगळा आणि राजकारणातला विरोध वेगळा, असा भेदही त्यांनी केला. हे बोलणे पेलीने नोंदविले आहे. इमामांचा तोल, त्यांचा सौजन्यपूर्ण कठोरपणा आणि पाहुण्याला त्याची पायरी दाखविण्याची हातोटी ही सारी त्या रुक्ष अहवालातूनही जाणवतात. इमाम येथे व्यक्ती म्हणून उभे राहतात. १८६८ च्या कागदातील शेख तसे उभे राहत नाहीत.

असे का व्हावे? पेलीच्या वृत्तीत तीन वर्षांत काही पालट झाला असे मानावयास आधार नाही. फरक स्थळाचा आहे. रियाध समुद्रापासून कित्येक मजला आत; तेथे जहाजावरच्या तोफेचा उपयोग नाही. पेली तेथे पाहुणा होता, आणि पाहुण्याला ऐकावे लागते. किनाऱ्यावर तो पंच होता, आणि पंचाला निवाडा लिहावा लागतो. शैली ही व्यक्तित्वाची निदर्शक असते, हा सिद्धांत आपण बराच काळ उराशी बाळगला आहे. पेलीची पत्रे वाचताना त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते : शासकीय गद्यात शैली ही लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो, यांच्यातील बलाबलाचीही निदर्शक असते.

५

आणि तरीही हा माणूस बुशहरमध्ये दरवर्षी मोहरमच्या दिवसांत ताज़ियेची नाटके पाहत होता. आपल्याकडे मोहरम म्हटले म्हणजे ताबूत, डोले आणि सवाऱ्या आठवतात. इराणात त्याला करबलेच्या प्रसंगांवरील नाट्यमालिकेची जोड आहे. नट हातात आपापल्या भाषणाचे कागद धरून बोलतात, सूत्रधार उघडपणे त्यांच्यात वावरतो, आणि शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक दरवर्षी नव्याने रडतो. आपल्या लळितांची आणि दशावतारांची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. पेलीवर या प्रयोगांचा खोल परिणाम झाला. ज्या प्रेक्षकांसाठी नाटक रचले त्यांच्यावर होणाऱ्या परिणामावरून त्याचे यश मोजावयाचे, तर याच्या तोडीचे दुसरे नाटक नाही, अशा आशयाचे मत त्याने प्रस्तावनेत दिले आहे. नटांना शिकविण्याचे व पाठ सांगण्याचे काम केलेल्या एका जाणत्या माणसाला हाताशी धरून त्याने बावन्न नाटके जमविली. त्यांतील सदतीस प्रवेश आर्थर वॉलस्टन याच्या साह्याने १८७९ मध्ये लंडनला दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

या संग्रहाच्या इंग्रजीला जुन्या धार्मिक ग्रंथांचे वळण आहे, आणि आजच्या वाचकाला ते अवघड वाटते. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहता येथे एक अपूर्व गोष्ट घडली आहे. शेकडो पृष्ठे पेली गप्प आहे. हुसेन बोलतो, झैनब बोलते, तहानलेली मुले बोलतात, शत्रूचे सरदारही बोलतात. आणि प्रत्येकाचा ‘मी’ ज्याचा त्याचा आहे. ज्या कचेरीत शेखांच्या पत्रांचे सारांश होत होते, त्याच कचेरीच्या आश्रयाने हे सारे बोल शब्दशः उतरून घेतले जात होते.

पेलीच्या कर्तृत्वातील हा भाग दाखवून त्याच्या पत्रव्यवहाराचे परिमार्जन करावे, असा मोह होतो. तो आवरला पाहिजे. करबलेतील पात्रांना त्याने मोकळेपणे बोलू दिले, कारण ती बाराशे वर्षांपूर्वीची होती; त्यांच्या बोलण्याने कोणताही समुद्र अशांत होणार नव्हता. दोह्याच्या होडीवाल्याला तेवढाच मोकळेपणा देणे त्याच्या पेशात बसत नव्हते. परकीय समाजाचा भूतकाळ आस्थेने ऐकायचा आणि त्याच्या वर्तमानाचा सारांश करायचा, ही एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वान अधिकाऱ्यांची रीत. आपल्याकडील पोथ्या, शिलालेख आणि लोकगीते जमविणाऱ्या इंग्रज अंमलदारांचे ऋण मान्य करतानाही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

६

पेलीचा बडोद्याशी संबंध जुना होता. १८५१-५२ मध्ये तो तेथे औट्रमच्या हाताखाली साहाय्यक रेसिडेंट होता. लाचलुचपतीच्या त्या प्रकरणात ‘खटपट’ हा आपला शब्दच इंग्रजी सरकारी कागदांत शिरला. तोही एका विशिष्ट, कुत्सित अर्थाने. मराठीत खटपट ही परिश्रमाचीही असते. इंग्रजी दप्तरात ती केवळ कारस्थानाची उरली. शब्दाच्या अनेक अर्थांतून एकच उचलून त्याचा शिक्का करणे, ही या गद्याची आणखी एक लकब.

१८७४ मधील प्रकरण याहून फार गंभीर. रेसिडेंट कर्नल फेअर आणि मल्हारराव यांचे वितुष्ट विकोपास गेले होते. दादाभाई नौरोजी त्या वेळी दिवाण होते. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयना खलिता लिहून फेअरला हलविण्याची विनंती केली. आणि ९ नोव्हेंबरला फेअरच्या सरबतात विष घातल्याचा आरोप पुढे आला. फेअरच्या जागी पेली आला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांनी तपास केला, १८७५ च्या जानेवारीत मल्हाररावांस अटक झाली, आणि फेब्रुवारीत सर रिचर्ड कौच यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे कमिशन बसले.

पुराव्याचा मुख्य आधार होता रेसिडेन्सीच्या नोकरांच्या आणि महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांच्या कबुलीजबाबांचा. ‘मी विष मिळविले’, ‘मी ते घातले’ अशा धर्तीची ती निवेदने कैदेत आणि माफीच्या आशेवर दिलेली होती. कतबा, कतारचा करार आणि हा कबुलीजबाब या तिन्हींची जात एक आहे. बचावाचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत नेमका याच ‘मी’वर हल्ला चढविला : ही वाक्ये कोणाची? कमिशनचे तीन इंग्रज सभासद म्हणाले, आरोप सिद्ध झाला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव या तीन भारतीय सभासदांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. पुरावा सहाही जणांपुढे तोच होता. तो वाचण्याची दृष्टी मात्र एक नव्हती. अखेर एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले ते विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभारासाठी. विवाद्य वाचन बाजूस ठेवून सरकारने निराळाच कागद पुढे केला असे म्हणावे लागते.

मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे प्रतिपादन करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तो तसा नव्हता याविषयी समकालीनांतही फारसा मतभेद नव्हता. परंतु माणूस वाईट असला म्हणून त्याच्याविरुद्धचा कागद खरा ठरत नाही. त्या वेळच्या मराठी समाजाला हे उमगले असावे. मल्हाररावांवर त्याच सुमारास मराठीत नाटक लिहिले गेले. कमिशनपुढे ज्याला स्वतःचा ‘मी’ पुरता सापडला नाही, त्याला तो रंगभूमीवर मिळवून देण्याची ही धडपड होती. १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा आला, त्यामागील अस्वस्थतेत अशा नाटकांचाही वाटा होता.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे राजकारण झाले, समीक्षा नव्हे. त्यावर एवढेच म्हणता येईल, की निवेदक कोण, दृष्टिकोण कोणाचा, संवाद आणि सारांश यांची वाटणी कशी, हे प्रश्न आपण कादंबरीला नित्य विचारतो. तेच येथे विचारले आहेत. कादंबरीला विचारताना ते वाङ्मयीन आणि तहनाम्याला विचारताना ते राजकीय, असा भेद करावयाचा तर तो सकारण दाखवावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सारेच कागद ‘रचना’ म्हणून वाचू लागलो, तर घटनेचे काय? दोहा व वक्रा लुटली गेली, हे खरेच घडले. गुलामांचा व्यापार खरा होता, आणि १८७२-७३ मध्ये तो बंद करविण्यासाठी सर बार्टल फ्रिअर यांच्याबरोबर पेली झांझिबारला व मस्कतला गेला, हेही खरे. हा धोका मान्य केलाच पाहिजे. परंतु रचनेकडे पाहणे म्हणजे घटना नाकारणे नव्हे. कागदातील कोणता शब्द घटनेचा, कोणता साच्याचा आणि कोणता दुसऱ्याच्या तोंडी घातलेला, हे निवडून काढल्यावर जे उरते ते अधिक भरवशाचे असते. राजवाड्यांना अभिप्रेत असलेली अस्सलपणाची परीक्षाच ही एक पायरी पुढे नेते.

या कामाला आज पूर्वी कधी नव्हती एवढी अनुकूलता आहे. मुंबईचे जुने दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात आहे. बुशहर रेसिडेन्सीचे लंडनला गेलेले कागद २०१४ पासून कतारच्या अंकीय ग्रंथालयातून घरबसल्या वाचता येतात, आणि त्यांत काही ठिकाणी इंग्रजी भाषांतराशेजारी मूळ अरबी पत्रही सापडते. दिल्लीत कोपर्निकस मार्गाच्या कडेला साहित्य, नाट्य आणि ललितकला यांच्या अकादमी एका छपराखाली नांदतात. तेथून जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागार पायी जाण्याइतके जवळ आहे. ज्यांना नाटकातला ‘मी’ ओळखता येतो, त्यांनी ती वाट चालून जावे आणि दप्तरातला ‘मी’ही पारखून पाहावा.

त्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला मोडीबरोबर थोडी अरबी-फारसीही यावयास हवी. कारण पेलीच्या पत्राखाली त्याची सही आहे, परंतु त्या पत्राला जोडलेल्या सहपत्रात कोणा शेखाने आपल्या लेखनिकाला काय सांगितले, ते अजून मूळ भाषेत वाचले जाण्याची वाट पाहत आहे. कोकणातील कित्येक कुटुंबांचा आज आखाताशी पोटापाण्याचा संबंध आहे. त्या किनाऱ्याची भाषा आपल्या घरांत बोलली जाते. आपल्या विद्यापीठांतील पत्रलेखनाच्या अभ्यासात मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही. ती मिळाली, तर आखातावरचे ते सारांश मूळ बोलण्याशी ताडून पाहता येतील, आणि बडोद्याच्या कागदांकडेही आपण अधिक जाणत्या नजरेने परतू.